साहेबाच्या गळ्यातला बो

"हलू नका! मी म्हणतो हलू नका! मान वर! अहो, वर म्हणजे छताकडे, खिडकीकडे नव्हे!"

सासरे ओरडत होते आणि मी रेगेन्सबर्गच्या आमच्या इवल्याशा घरातल्या इवल्याशा बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनवर बसून छताकडे बघत होतो. माझ्या गळ्याभोवती काळ्या रेशमाची एक पट्टी होती आणि तिची दोन्ही टोकं त्यांच्या मुठीत होती. सांगलीच्या पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या मुकादमाशी बोलायची सवय, त्यामुळे समोरचा नाकाला नाक लावून बसला असला तरी आवाज खाली म्हणून येत नसे. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंनी झाडूच्या दांड्याने आपलं छत ठोकायला सुरुवात केली होती. सासऱ्यांना वाटलं, त्या ताल धरताहेत.

"बाबा, तो श्वास घेत नाहीये," बायको दारातून म्हणाली.

"श्वास काय, मागाहून घेता येतो. गाठ आत्ता बसतेय!"

गाठ बसली. अशी बसली की मेंढ्याच्या मानेला बांधली असती तर धनगराने कापूनच काढली असती. माझे डोळे बाहेर यायला लागले, कानात शिट्टी वाजली, आणि मला माझं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जाताना दिसलं. त्यात विशेष काही नव्हतं. शेवटी बायकोने आतून दाढेची मुळं काढायचा चिमटा आणला आणि अर्धा तास खपून ती गाठ उकलली. ती दातांची डॉक्टर. पुण्यातली. जर्मनीत तिची पदवी म्हणजे भिंतीवरचं चित्र होतं, म्हणून इथली परीक्षा पुन्हा द्यायला निघाली होती.

"चिंधी हलकी आहे," सासरे घाम पुसत म्हणाले. "कापडात दम नाही."

कापडाच्या दमाचा प्रश्न नव्हता, माझ्या नोकरीचा होता. दोन हजार नऊचा जानेवारी. मंदीने सगळ्या जगाच्या कानफटात मारली होती आणि आमच्या गावात तर मोटारींच्या धंद्यावरच सगळ्यांची चूल. मी गाड्यांच्या दरवाजांची कुलपं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीयर. पण गाड्याच बनेनात, तर दरवाजे कुठले आणि कुलपं कुठली! कुर्त्सआर्बाइट सुरू झालं होतं, म्हणजे काम कमी, पगार कमी, पण चेहरे मात्र पूर्ण वेळ लांब. माझं कॉन्ट्रॅक्ट मुदतीचं, मार्चअखेर संपणारं. राहण्याचा परवाना त्याच कंपनीच्या नावाला टाचलेला. बायकोची परीक्षा जुलैत. मार्च आणि जुलै यांच्यामध्ये जी दरी होती, तिच्यात आमचा दोघांचा संसार, तिचे प्लास्टरचे जबडे, जर्मनमधली वीतभर जाडीची पुस्तकं आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सासरे, असं सगळं लोंबकळत होतं.

ऑफिसात आमच्या मजल्यावर रोज एखादं टेबल रिकामं होई. जर्मन माणूस नोकरी सोडून जाताना रडत नाही, शिव्या घालत नाही. टेबल ओल्या फडक्याने पुसतो आणि आपलं झाड मागे राहणाऱ्याच्या हवाली करतो. मी पाणी घालायला विसरत नाही अशी माझी ख्याती झाल्यामुळे सगळी झाडं माझ्याकडे येऊ लागली. जानेवारीच्या मध्यापर्यंत माझ्या खुर्चीभोवती असं रान माजलं की फोन वाजला तर तो शोधायला मला फांद्या बाजूला साराव्या लागत. आणखी वर्षभर टिकलो असतो तर वनखात्याने मला आपसूक कामावर घेतलं असतं.

कॉन्ट्रॅक्टवर सही करणारे आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांना सगळे हेर डॉक्टर म्हणत, हेर म्हणजे जर्मनमधले श्रीयुत. उंच, वाळलेले, आणि गळ्यात बारमाही बो. सोमवारी निळा ठिपक्यांचा, मंगळवारी मरून, शुक्रवारी हिरवा. लोक त्यांच्याकडे बघून वार ओळखत. कॉफीच्या खोलीत एका थोराड बव्हेरियन सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "रबरवाला तयार बो घालून त्यांच्यासमोर जाऊ नकोस. एकदा एका शिकाऊ पोराचा त्यांनी असा ओढला आणि सोडला. फट्! पोरगं थेट न्यूरेनबर्गला जाऊन पडलं. तिथेच नोकरीला लागलं."

आणि त्याच सुमारास निमंत्रण आलं. कारखान्याचा वर्धापनदिन, डॅन्यूबकाठच्या हॉलमध्ये मेजवानी, नाच. पोशाख संध्याकाळचा, पुरुषांनी बो घालावा ही विनंती. मंदीत हे काय, असं तुम्ही विचाराल. हॉल दोन वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता. आता नाही म्हटलं तरी भाडं बुडणारच होतं. मग नाचूनच बुडू, असं ठरलं. काटकसर म्हणून घरच्या मंडळींना तेवढं बोलावलं नव्हतं.

हे निमंत्रण मी हेर डॉक्टरांच्या बोच्या कथेसकट घरी वाचून दाखवलं आणि सासऱ्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे साहेबाला गळ्यातलं कळतं," ते म्हणाले.

"कळतं म्हणजे काय, दुसरं काही दिसतच नाही."

"मग जावईबापू, तुमचं काम झालं! ऐका. मला गडचिरोलीला फेकलं होतं. तीन वर्षं अर्ज करत होतो, कुणी हुंगत नव्हतं. मग आमच्या अधीक्षक अभियंत्याच्या मुलाचं लग्न निघालं. फेटेवाला ऐनवेळी आलाच नाही. मी उभा राहिलो. साहेबांच्या डोक्याला असा फेटा बांधला, असा बांधला, की त्यांची बायको त्यांना ओळखेना. आठवड्यात ऑर्डर हातात! सांगली! कालवा नंबर दोन!"

ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलो होतो आणि दर वेळी फेट्याचा तुरा वाढत गेला होता. पण सरकारी घरात वाढलेल्या मराठी माणसाच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते: काम कामाच्या जागी, पण साहेबाची मर्जी ही वेगळी चीज. ती लग्नात, मुंजीत, सत्यनारायणाला मिळते. टेबलावर मिळत नाही. मी इंजिनीयर असलो, जर्मनीत असलो, तरी हाड तेच. मी ठरवलं की हेर डॉक्टरांच्या डोळ्यांत भरेल असा बो स्वतःच्या हाताने बांधून जायचा.

"तू सरळ विचारत का नाहीस त्यांना, कॉन्ट्रॅक्टचं काय म्हणून?" बायको म्हणाली.

"सरळ कसं विचारणार?"

"तोंड उघडून. मी पेशंटना रोज सांगायचे."

सासऱ्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. बायकांना खातं कळत नाही, असं ते बघणं होतं.

जुन्या गावात, कॅथेड्रलमागच्या गल्लीत एक दुकान होतं. तिथल्या बाईने मला ती रेशमी पट्टी विकली आणि सोबत एक घडीचा कागद दिला. त्यावर चित्रं होती. पहिल्या चित्रात एक सुखी जर्मन गळ्यात पट्टी टाकून उभा. दुसऱ्यात उजवं टोक डाव्यावर. तिसऱ्यात खालून वर. चौथ्यात एक पंख तयार. आणि पाचव्यात दुसरा पंखही तयार, गडी हसतोय. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे जे घडतं ते छापलेलं नव्हतं. बहुधा ते पाहिलेला माणूस सांगायला जिवंत राहत नसावा.

जर्मन लोक बो टायला माशी म्हणतात. माझ्या गळ्यात पहिल्या आठवड्यात माशी आली नाही, पण वटवाघूळ आलं, कोबीचं पान आलं, एकदा चक्क उलटं टांगलेलं जानवं आलं. आरशासमोर उभा राहिलो की माझा उजवा हात डावा होई, डावा उजवा, दोन्ही हात मधेच एकमेकांना भेटून वाट विसरत, आणि पुढे कुठे जायचं हे विचारायला कुणी नसे. बुटाची नाडी मी लहानपणापासून बांधतो. लेंग्याची नाडी तर अंधारातही. पण तीच गाठ हनुवटीखाली आली की परकी होते. खाली बघावं तर हनुवटी आड येते, आरशात बघावं तर सगळं उफराटं. सासऱ्यांनी शिकवायला घेतलं आणि काय झालं ते वर सांगितलंच.

त्या चिमट्याच्या प्रसंगानंतर सासरे थोडे वरमले. वॉशिंग मशीनवर आता ते बसले.

"तुम्ही माझ्या गळ्यात बांधून बघा," ते म्हणाले. "फेटा बांधणारा आधी दुसऱ्याच्या डोक्यावर शिकतो. आणि लग्नात स्वतःचा फेटा स्वतः बांधलेला नवरदेव कधी बघितलाय? नवरदेवाने गप्प बसायचं असतं."

ते खरोखरच नवरदेवासारखे बसले. मान वर, डोळे मिटलेले, जणू अंतरपाट धरलाय. मी कागद समोर चिकटवला, बोटांना थुंकी लावली आणि सुरुवात केली. आणि काय सांगू! समोरच्या गळ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. उजवं तिथे उजवं, डावं तिथे डावं. चौथं चित्र झालं, मग हाताने आपणच काहीतरी केलं, आणि पाचवं चित्र सासऱ्यांच्या गळ्यात उमललं. दोन्ही पंख सारखे, मधली गाठ सुपारीएवढी, कुठे चुणी नाही. मी सोडला, परत बांधला. पुन्हा तसाच. डोळे मिटून बांधला, तसाच. बायको अभ्यास सोडून बघायला आली.

"बाबा, तुम्ही परदेशी दिसताय," ती म्हणाली.

सासऱ्यांनी आरशात पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांना बोचं वेडच लागलं. रोज सकाळी दात घासून झाले की वॉशिंग मशीनवर येऊन बसत. मी माझा सराव म्हणून बांधायचा आणि त्यांनी तो घालून गावात निघायचं. अंगात लेकीने विणलेला स्वेटर, डोक्याला कानटोपी, मधे काळा रेशमी बो. बेकरीतली बाई त्यांना हेर प्रोफेसर म्हणू लागली. दगडी पुलावर एका म्हाताऱ्याने त्यांना बघून टोपी काढली, यांनी कानटोपी काढली, त्याने पुन्हा काढली, आणि दोघे थंडीत डोकी उघडी करून इतका वेळ उभे राहिले की दोघांनाही सर्दी झाली. एका जपानी पर्यटकांच्या घोळक्याने त्यांचा फोटो काढला. तो कुठल्यातरी जपानी दिवाणखान्यात बव्हेरियाचे उमराव म्हणून आजही लटकत असेल. जर्मनचा एक शब्द न येता माणसाने महिनाभरात गावात वजन मिळवलं. मला तिथे चार वर्षं झाली होती आणि बेकरीतली बाई मला अजून "पुढचे कोण?" म्हणत होती.

पण माझ्या गळ्यात काही तो येईना. सासऱ्यांच्या गळ्यात बांधून लगेच, हात गरम असताना, स्वतःच्या गळ्यात बांधायला जायचो. वटवाघूळ. बायको म्हणाली, आरशात बघून काम करायची सवय करावी लागते, आम्हाला कॉलेजात पहिलं वर्ष तेच शिकवतात. तिने एकदा कागद पाहिला, आरशाकडे वळली आणि स्वतःच्या गळ्यात, रात्रीच्या गाऊनवर, एका दमात बांधून दाखवला. मला म्हणाली, "हा असा." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

शेवटी मेजवानीच्या संध्याकाळी तिनेच तो माझ्या गळ्यात बांधला. तोंडात तिच्या पाठांतर चाललेलं, खालच्या जबड्याच्या नसांची नावं, आणि बोटं काम करत होती.

"आता मान वळवू नकोस," ती म्हणाली. "सुटला तर तुला बांधता येणार नाही."

"माहितीये."

"आणि तिथे कुणी विचारलं कुणी बांधला, तर?"

"मी म्हणेन मी."

"का?"

तिने पंख सारखे केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जुलैपर्यंत थांबू दिलं ना, तरी पुरे आहे मला. पुढचं मी बघेन."

सासऱ्यांनी दारात मला हातावर दही दिलं. बोवर सांडू नये म्हणून मी ते छताकडे बघत चाटलं.

हॉलमध्ये मी मखरात बसवलेल्या गणपतीसारखा वावरत होतो. कुणी हाक मारली की अख्खा वळायचो, पायापासून. सूप आलं, पण वाकता येईना. चमचा डोळ्यांपर्यंत उचलून मग अंदाजाने तोंडात सोडायचा. अर्धं सूप शेजारच्या अकाउंट्सच्या बाई प्यायल्या असं म्हणायला हरकत नाही, कारण ते त्यांच्या बाहीवर गेलं. बँड वाजत होता. नाचायला जागा भरपूर होती. निमंत्रणं छापली तेव्हाचे निम्मे लोक तोवर उरलेच नव्हते. सगळे हसत होते, आणि प्रत्येक जण हसता हसता दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होता. हेर डॉक्टर लांब, पहिल्या टेबलावर. त्यांची नजर माझ्या गळ्याकडे यावी म्हणून मी त्यांच्या समोरून तीनदा गेलो, चौथ्यांदा हातात रिकामी बशी घेऊन गेलो. त्यांनी माझ्या हातात आपली उष्टी बशी ठेवली आणि धन्यवाद म्हणाले.

तिथे मी आशा सोडली. बशी ठेवून स्वच्छतागृहात गेलो. आणि आत आरशासमोर कोण, तर साक्षात हेर डॉक्टर. गळा उघडा, बो सुटलेला, दोन्ही टोकं छातीवर लोंबत. काचेचा पेला फुटून अंगठा कापला होता. अंगठ्यावर इतकं बँडेज बांधलं होतं की तो अंगठा नव्हे, बटाटा दिसत होता. रक्ताचा थेंब उडालेली कॉलर पुसायची म्हणून बो सोडला, आणि आता तो बांधता येत नव्हता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असावं. चेहरा असा, की देवळातून मूर्ती चोरीला गेलेल्या पुजाऱ्याचा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी बांधू?"

त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. बायकोचं काम होतं, कुठेच खोट नव्हती.

"तुम्हाला येतं?"

"दुसऱ्याचा तर डोळे मिटून," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

कोपऱ्यात एक स्टूल होतं. हेर डॉक्टर त्यावर बसले, मान वर केली, डोळे मिटले. थेट सासऱ्यांसारखे. माझे हात आपोआप चालू लागले. बाहेर बँड वाजत होता, आत नळ ठिबकत होता, आणि माझ्या हातात ज्याच्या सहीवर आमचं सगळं अडलं होतं त्या माणसाचा गळा होता. पहिल्याच प्रयत्नात असा बो उमलला की मी स्वतःच एक पाऊल मागे सरलो.

त्यांनी आरशात पाहिलं. उजवीकडून, डावीकडून. "टाडेललोस," म्हणाले, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. "हे कुठे शिकलात?"

आता खरं सांगायचं तर वॉशिंग मशीनवर. पण मी म्हणालो, "आमच्या घराण्यात हेच काम. पिढ्यान्‌पिढ्या. राजांचे फेटे आम्हीच बांधायचो. हत्तीवर चढून."

"हत्तीवर?"

"राजे खाली उतरत नसत ना."

हेर डॉक्टर हसले! कंपनीत कुणी ते पाहिलेलं नव्हतं. मी सांगितलं तर कुणाला पटलंही नसतं. माझ्या खांद्यावर त्यांनी बँडेजवाला हात ठेवला. "आल्झो, तर मग, सोमवारी नऊला माझ्याकडे या. तुमच्याशी बोलायचंच आहे."

मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. बहुधा डॅन्यूबवरून चालत, पुलाची मदत न घेता. सासरे जागेच होते. सगळं ऐकून ते इतके मोठ्याने ओरडले की खालच्या आजीबाईंनी छतही ठोकलं नाही, बहुतेक दारं-खिडक्या लावून बसल्या.

"साहेबाचा गळा हातात आला! जावईबापू, अजून काय पाहिजे? मी तर डोक्यापर्यंतच पोचलो होतो!"

रविवारी सकाळी त्यांनी शिरा केला आणि फोनला बसले. सांगलीला कळवलं की कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मिरजेला कळवलं की कायम केलं. कोल्हापूरच्या आत्यांपर्यंत बातमी पोचली तेव्हा मी कारखान्याचा मॅनेजर झालो होतो आणि जर्मन सरकार बंगला देणार होतं.

"बाबा, अजून काही झालेलं नाही," बायको म्हणाली.

"नऊला बोलावलंय म्हणजे काय चहाला? तुला खातं कळत नाही."

दुपारी मी पाहिलं, तिने जुलैच्या परीक्षेचं पुस्तक काढलं होतं आणि बऱ्याच दिवसांनी त्यात पेन्सिलने खुणा करत होती. शिरा खाताना तिने मला विचारलं, "हसले म्हणतोस?" मी म्हटलं, "हसले." तिने माझ्या बशीत आणखी एक चमचा शिरा वाढला.

सोमवारी नऊला मी माझ्या जंगलातून निघून हेर डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ते उभेच होते. अंगठ्यावर अजून तो बटाटा. गळ्यात निळा ठिपक्यांचा बो, पण कुणी बांधला होता देव जाणे. एक पंख मान टाकलेला, दुसरा कॉलरमध्ये घुसलेला.

"बसा," ते म्हणाले. "तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं जाणार नाही. मुदतीच्या कुणाचंच नाही. पत्र या आठवड्यात मिळेल. मी समक्ष सांगायचं ठरवलं होतं."

मला वाटलं माझं जर्मन कच्चं आहे. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच आवाजात, थोडं सावकाश.

"हे कधी ठरलं?"

"नोव्हेंबरमध्ये. वरून."

नोव्हेंबरमध्ये मला बो म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. सासरे अजून विमानात बसायचे होते. आणि नोव्हेंबरपासून या माणसाला मी रोज लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग करत होतो, फक्त तोंड उघडून विचारलं नव्हतं.

"पण शनिवारी..." मी म्हणालो. माझीच मला लाज वाटली, पण शब्द बाहेर पडला होता.

"शनिवार छान झाला," ते म्हणाले. "गेनाऊ, अगदी खरं. पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"शनिवारीच का नाही सांगितलंत?"

"शनिवारी समारंभ होता."

मी माझ्या बायकोच्या परीक्षेचं सांगितलं. जुलैपर्यंत फक्त, असं म्हणालो. निम्म्या पगारावर म्हणालो, झाडांना पाणी घालायला ठेवा म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग ती उत्तम गोष्ट आहे आणि त्यांना खेद वाटतो, असं ते म्हणाले. खेद खरा होता. त्याने काही बदलणार नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. गडचिरोली ते सांगली जे एका फेट्यात पार झालं, ते इथे साऱ्या सरदारांचे फेटे बांधूनही झालं नसतं.

मी उठलो. दारापर्यंत गेलो.

"आल्झो, एक विनंती," ते मागून म्हणाले. "दहाला ग्राहक येताहेत. सकाळी माझ्या बायकोने प्रयत्न केला, पण..." आणि त्यांनी त्या मेलेल्या पंखाकडे बोट केलं.

ते खुर्चीत बसले. मान वर, डोळे मिटलेले. पुन्हा नवरदेव. मी जवळ गेलो, तो कोबी सोडवला, टोकं सारखी केली. दोन्ही टोकं माझ्या मुठीत होती. गाठ अशी बसवता आली असती की जर्मनीतला कुठलाही चिमटा पुरला नसता. आणि हात काय करत होते? हात आपले नीट पंख काढत होते, मधली घडी दाबत होते, ठिपके दोन्ही बाजूंना सारखे येतील असं बघत होते. इतका सुरेख बो मी त्याआधी बांधला नव्हता.

त्यांनी खिडकीच्या काचेत बघून मान डोलावली. मला काहीतरी बोलायचं होतं, ज्याने त्यांना निदान एकदा टोचेल. मी हसत हसत विचारलं, "आता एप्रिलपासून तुमचा कोण बांधणार, हेर डॉक्टर?"

त्यांनी बँडेजकडे पाहिलं, जरा विचार केला.

"तोपर्यंत अंगठा बरा होईल," ते म्हणाले.